बालभाषेच्या चर्चासत्रात मूल कुठे आहे?

अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात दोन हंगाम जवळजवळ एकाच वेळी येतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास पाथर्डी, शेवगावकडच्या ऊसतोड टोळ्या कारखान्यांच्या वाटेला लागतात. त्यानंतरच्या थंडीत महाविद्यालयांच्या फाटकांवर चर्चासत्रांचे फलक झळकू लागतात. ‘बालकांचा भाषाविकास’, ‘बोली आणि प्राथमिक शिक्षण’ हे त्यांतले आवडते विषय. ज्या मुलांविषयी निबंध वाचले जातात, त्यांतली कितीतरी मुले त्या वेळी दूर कुठल्या तरी फडाशेजारच्या कोपीत असतात. मात्र ती गावात असती, तरी चर्चासत्रात त्यांचे बोलणे ऐकू आले असते असे नाही. या चर्चासत्रांवर माझा मुख्य आक्षेप हाच आहे. तिथे सिद्धान्त असतात, सत्कार असतात, प्रमाणपत्रे असतात; मुलाने उच्चारलेले एक अख्खे वाक्य मात्र क्वचितच असते.

चर्चासत्रांचा हा साचा एकट्या प्राध्यापकांनी घडवलेला नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीने चर्चासत्रातील निबंधवाचन पदोन्नतीच्या गुणांशी जोडले आणि निबंधांचे पीक वाढले. उद्घाटन लांबले की निबंधवाचकाच्या वाट्याला पाच-सात मिनिटे उरतात. त्यात पियाजे, व्हायगॉट्स्की आणि चॉम्स्की यांची हजेरी घेतली जाते आणि ‘बालकाच्या भाषाविकासात कुटुंबाचे स्थान महत्त्वाचे आहे’ असा निष्कर्ष निघतो. त्याच्याशी कोणाचेच दुमत नसते, त्यामुळे चर्चाही होत नाही. मुलांच्या ‘चुका’ दोन-चार ओळींत येतात, पण मूल किती वर्षांचे, कुठले, ते कोणाशी आणि कशाबद्दल बोलत होते, हे त्यात नसते.

याने काय बिघडते, ते तीन साध्या उदाहरणांवरून पाहू. तीन वर्षांची मुलगी म्हणते, ‘मी काम करलं.’ पहिलीतला मुलगा म्हणतो, ‘मपली वही पान्यात पडली.’ साडेचार वर्षांचे तिसरे मूल ‘काकानं केळं दिलं’ याऐवजी ‘तातानं तेळं दिलं’ म्हणते. आपल्या निबंधांत ही तिन्ही वाक्ये ‘अशुद्ध उच्चार’ या एकाच पोत्यात पडतात. वास्तविक तिन्हींची जात वेगळी आहे.

‘करलं’ असे त्या मुलीच्या घरात कोणीच म्हणत नाही. ‘धरलं’, ‘बसलं’, ‘उठलं’ हे ऐकून तिने नियम ताडला आणि ‘कर’ला लावला. ‘केलं’ हा अपवाद ती यथावकाश शिकेल; आज तिने केलेली चूक ही तिच्या बुद्धीची खूण आहे. दुसरे वाक्य चूक नाहीच. ‘मपला-मपली-मपलं’ अशी तिन्ही लिंगे सांभाळणारे ते त्याच्या घरच्या बोलीचे रूप आहे आणि ‘ण’च्या जागी ‘न’ हा त्या बोलीचा रिवाज आहे. तिसऱ्या वाक्यात ‘क’चा ‘त’ झाला आहे. दोन-अडीच वर्षांच्या मुलात हे नेहमी आढळते. साडेचार वर्षांनंतरही ते टिकले असेल, तर मात्र मुलाचे कान तपासायला हवेत आणि वाचा-उपचारतज्ज्ञांना विचारायला हवे.

हा भेद न कळल्याचा फटका दोन प्रकारच्या मुलांना बसतो. बोली बोलणारे मूल वारंवार टोकले जाते, हळूहळू गप्प होते आणि ते गप्प राहणेच पुढे ‘मागे पडलेला’ या शेऱ्याचे कारण बनते. उलट, सतत कान फुटून ज्याला कमी ऐकू येऊ लागले आहे, त्याचे बोलणे ‘त्यांच्याकडं असंच बोलतात’ म्हणून सोडून दिले जाते. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात श्रवणदोष आणि भाषाविकासातील विलंब यांचीही तपासणी आहे. पण बाहेरून आलेले पथक मुलाला थोडा वेळ पाहते, तर अंगणवाडी सेविका आणि गुरुजी त्याला रोज ऐकतात. खरा उपयोग त्यांच्या कानांचा आहे, आणि ते कान तयार करणे हे चर्चासत्राचे काम आहे.

जगात या विद्येची बैठक मुलांचे बोलणे टिपण्यावर आहे. १९५८ मध्ये जीन बर्को यांनी मुलांना बनावट शब्द देऊन त्यांची अनेकवचने विचारली आणि मुले पाठांतर करत नाहीत, नियम वापरतात, हे दाखवून दिले. आपल्यालाही हे करता येईल. एका बाहुल्याला ‘टोबा’ नाव द्या आणि ‘खाऊ कोणाला देऊ?’ असे विचारा. मूल ‘टोब्याला’ म्हणाले, तर सामान्यरूपाचा नियम त्याच्यापाशी आहे. १९८४ मध्ये ब्रायन मॅकव्हिनी आणि कॅथरीन स्नो यांनी ‘चाइल्ड्स’ हा संग्रह सुरू केला, तो मुलांच्या संवादांच्या नोंदी अभ्यासकांना एकमेकांच्या वापरता याव्यात म्हणून.

तिथेही सारे आलबेल नाही. एव्हन किड आणि रोवेना गार्सिया यांनी २०२२ मध्ये या विषयातील चार प्रमुख नियतकालिके तपासली, तेव्हा जगातल्या सुमारे ७००० भाषांपैकी जेमतेम १०३ भाषांवरचे संशोधन त्यांत आढळले. म्हणजे इंग्रजी मुलांवरून काढलेले निष्कर्ष आपण पुन्हा वाचून दाखवण्यात कोणाचाच लाभ नाही. ‘मी आंबा खाल्ला’, पण ‘मी पोळी खाल्ली’. क्रियापद कर्माप्रमाणे बदलते हे मराठी मुलाला कोणत्या वयात उमगते? या प्रश्नाचे उत्तर इंग्रजी मुलाकडे नाही, ते अकोले-पारनेरच्या अंगणवाडीत आहे.

जवळपास अशी कामे झालेलीही आहेत. मॅक्सीन बर्नसन यांनी फलटणच्या बोलण्यातील भेदांवर डॉक्टरेटचा अभ्यास केला आणि त्याच गावात प्रगत शिक्षण संस्था उभी केली. वाडा आणि कर्नाटकातील यादगीर इथे शैलजा मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मराठी व कन्नड मुलांचे वाचन-लेखन शिकणे वर्षानुवर्षे त्याच मुलांमागे राहून पाहिले. या दोन्ही कामांची सुरुवात मुलांपाशी आणि माणसांपाशी बसण्यापासून झाली.

म्हणून आयोजकांकडे मागणे थोडेच आहे. प्रत्येक निबंधासोबत मुलांची निदान दहा वाक्ये जशीच्या तशी असावीत. वय, तालुका, प्रसंग नोंदवलेला, पालकांची संमती घेतलेली आणि मुलाचे नाव झाकलेले. एक सत्र अंगणवाडी सेविका, जिल्हा परिषद शाळांचे शिक्षक आणि वाचा-उपचारतज्ज्ञ यांचे असावे, आणि तेही व्यासपीठावरून. शक्य तर तारीख टोळ्या गावी परतल्यानंतरची धरावी. आणि समारोपाला श्रोत्यांसमोर ‘करलं’, ‘मपलं’ आणि ‘तेळं’ हे तीन शब्द ठेवून विचारावे, की यांतल्या कोणत्या मुलाला डॉक्टरकडे न्यायचे, कोणाला तसेच बोलू द्यायचे आणि कोणासाठी फक्त थोडे थांबायचे. हे सांगता आले, तर दोन दिवस कारणी लागले असे मानू.