कायापालटाचा अर्थ

नट बदलला म्हणजे प्रेक्षकांनी तो भेद विसरावा, अशी अपेक्षा करणे हा रूढ मार्ग होय. बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या विज्ञानकथामालिकेने १९६६ मध्ये तो नाकारला. विल्यम हार्टनेल यांची प्रकृती खालावली होती. २९ ऑक्टोबरच्या भागात त्यांचा डॉक्टर कोसळतो आणि प्रेक्षकांदेखत पॅट्रिक ट्राउटन यांचा चेहरा धारण करतो.

या घटनेचे मर्म ‘द टेन्थ प्लॅनेट’ या कथेतच शोधले पाहिजे. किट पेडलर व गेरी डेव्हिस यांनी तीत सायबरमेन प्रथम आणले. तगून राहण्यासाठी त्यांनी एकेक अवयव यंत्राने बदलला आणि अखेर भावनाही काढून टाकल्या. ते टिकले, त्यांच्यातील माणूस मात्र उरला नाही. उलट डॉक्टर देह, वाणी, लकबी सारे टाकतो, तरी त्याची सहृदयता उरते.

शत्रूचा मोंडास ग्रह अतिरिक्त शक्ती शोषून आपोआपच नष्ट होतो. डॉक्टरच्या हातून फारसे घडत नाही. रचनेतील ही उणीव मान्य केलीच पाहिजे. परंतु टिकणे आणि तोच राहणे यांतील भेद ही कथा प्रत्ययास आणून देते, आणि एका नटाच्या आजारपणातून उद्भवलेल्या अडचणीला त्यामुळे वाङ्मयीन अर्थ लाभतो.