झाशीच्या वाड्यातली दोन नामांतरे

दिल्लीत सरोजिनी नगरच्या शेजारी लक्ष्मीबाई नगर ही सरकारी क्वार्टरांची जुनी वसाहत आहे. वसाहतीला जे नाव दिले ते राणीचे सासरचे. 1842 साली झाशीच्या गंगाधरराव नेवाळकरांशी लग्न झाले आणि मोरोपंत तांब्यांच्या मनकर्णिकेची लक्ष्मीबाई झाली. लग्नात नाव बदलणे मराठी घरांना इतके सवयीचे, की राणीवर लिहिणारे बहुतेक जण हे एका वाक्यात उरकतात. त्यापुढची पाने घोडा, तलवार आणि किल्ल्याची. माझी तक्रार त्या घाईबद्दल आहे.

राजाचे लग्न कोणाशी व्हावे, यावरून ते घराणे स्वतःला काय समजते ते कळते. प्राचीन इजिप्तचे राजे सख्ख्या वा सावत्र बहिणीशी लग्न करू शकत. बॅबिलोनच्या राजाने इजिप्तची राजकन्या मागितली, तेव्हा आमची मुलगी बाहेर दिली जात नाही असे त्याला कळवण्यात आले; अमर्नाच्या पत्रव्यवहारात हे सापडते. शिवाजी महाराजांच्या सोयरिकी निंबाळकर, मोहिते, शिर्के, जाधव अशा मातब्बर घराण्यांशी, म्हणजे उघड राजकारण. झाशीत यांतले काहीच नाही. नेवाळकर कऱ्हाडे ब्राह्मण, तांबेही कऱ्हाडे. मोरोपंत चिमाजी आप्पांच्या आणि नंतर ब्रह्मावर्तात बाजीरावांच्या पदरी असलेले आश्रित गृहस्थ. संस्थानिकाला मुलगी शोधायची होती ती दरबारात नव्हे, पोटजातीत. म्हणूनच हे लग्न राजेशाही कमी आणि मध्यमवर्गीय मराठी घरातल्यासारखे जास्त वाटते: वर विधुर, वयाने बराच मोठा, मुलगी आईवेगळी.

मुलीचे वय किती? दत्तात्रय बळवंत पारसनीसांनी 1894 च्या चरित्रात जन्मसाल 1835 दिले. 1828 हेही साल प्रचलित आहे. म्हणजे बोहल्यावर उभी राहिली ती सहा-सात वर्षांची पोर, की चौदाची मुलगी? कादंबरीकाराला हा प्रश्न टाळता येत नाही, कारण पोर धरली तर लग्नातला वीररस टिकत नाही. वृंदावनलाल वर्मांच्या 1946 च्या हिंदी कादंबरीत गाठ बांधताना मनू भटजींना ती घट्ट बांधायला सांगते. प्रसंग गोड आहे, गाजलेलाही आहे. पण त्या एका धीट वाक्याने लेखकाने लग्नच राणीच्या पराक्रमाच्या खात्यात जमा केले. तिला कोणी विचारले होते का, हे विचारायची मग गरज उरत नाही. महाश्वेता देवी त्यानंतर दहा वर्षांनी बुंदेलखंडात हिंडून, लोकगीते गोळा करून बंगालीत लिहितात, तेव्हा त्यांचाही ओढा रणांगणाकडेच.

वाड्याच्या आत डोकावतो तो वरसईचा एक गरीब भिक्षुक. गोडसे भटजींचे ‘माझा प्रवास’ मी दर खेपेस इतिहासासाठी उघडते आणि संसाराच्या तपशिलात अडकते. गंगाधरराव बायकी वेष करत, महिन्यातले चार दिवस बाजूला बसत, आणि इंग्रज अधिकाऱ्याने विचारले तेव्हा तुमच्यापुढे आम्ही बांगड्याच भरल्या आहेत अशा अर्थाचे उत्तर दिले, असे भटजी सांगतात. गंगाधरराव 1853 लाच वारले होते, तेव्हा हे सगळे ऐकीव. पण सांगताना भटजी ना हसतात, ना झाकतात. पुढे तेच विधवा राणीचे वर्णन करतात: केस राखल्याचे प्रायश्चित्त, आणि दरबारात कधी पायजमा, अंगरखा, डोईला फेटा. नवऱ्याचा वेष आणि बायकोचा वेष एकाच पुस्तकात वाचायला मिळतो. भटजी मात्र त्यांची सांगड घालत नाहीत. चिंतामणराव वैद्यांनी 1907 साली हे पुस्तक छापताना मजकुरावर हात फिरवला. दत्तो वामन पोतदारांनी 1966 मध्ये मूळ पोथीबरहुकूम ते पुन्हा काढले. ज्यांच्याकडे फक्त वैद्यांची प्रत आहे त्यांनी दुसरी मिळवावी.

वाड्यातले दुसरे नामांतर दत्तकाचे. राणीचा मुलगा दामोदर चार महिन्यांचाही नीट झाला नाही, गेला. नोव्हेंबर 1853 मध्ये, मृत्यूच्या आदल्या दिवशी, गंगाधररावांनी वासुदेवराव नेवाळकरांचा आनंदराव दत्तक घेतला आणि त्याचे नाव ठेवले दामोदरराव. गेलेल्या मुलाचे नाव जिवंत मुलाला. मनकर्णिकेला लक्ष्मीबाई करणारी रीत आणि ही रीत एकच आहे: माणूस बाहेरून आणायचे, जुने नाव पुसायचे, घर पुढे चालवायचे. कंपनी सरकारने पहिले नामांतर बिनतक्रार मानले, राणीशी त्याच नावाने पत्रव्यवहार केला. दुसरे मानले नाही, आणि 1854 साली संस्थान खालसा झाले. डलहौसीवर लिहिताना आपण कायद्याचा अन्याय सांगतो, तो खराच आहे. पण ज्या रीतीवर राणीचा सगळा दावा उभा होता, तिनेच राणीचे माहेरचे नाव घेतले होते, हे मला मराठी लिखाणात ठळकपणे वाचायला हवे होते.

दामोदरराव लढाईतून वाचले, इंदूरला राहिले आणि 1906 मध्ये वारले. त्यांच्या वंशजांनी लावलेले आडनाव नेवाळकर नाही, झाशीवाले आहे.