'ईना मीना डिका' आणि निरर्थकतेचा प्रश्न

१

लोकप्रिय संगीताचा विचार मराठी समीक्षेत बहुधा दोनच वृत्तींनी झालेला आढळतो : एक तिरस्काराची व दुसरी गतस्मृतींच्या कौतुकाची. पहिली वृत्ती अशा गीतास विचाराच्या कक्षेत येऊच देत नाही; दुसरी त्यास विचारापलीकडे नेऊन ठेवते. परिणाम मात्र दोहोंचा एकच, तो हा की, गीताच्या घटनेकडे पाहावयाचे राहून जाते. सी. रामचंद्र यांनी संगीत दिलेले 'आशा' (१९५७) या हिंदी बोलपटातील 'ईना मीना डिका' हे गीत या दुर्लक्षाचे ठळक उदाहरण होय. भारतीय चित्रपटसंगीतातील रॉक अँड रोलचा आरंभीचा नमुना म्हणून त्याचा उल्लेख होतो, आणि 'निरर्थक शब्दांचे गमतीचे गाणे' एवढ्या शेऱ्यावर तो उल्लेख संपतो. हा शेरा कितपत टिकतो, हे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

रामचंद्र नरहर चितळकर (१९१८–१९८२) यांचा जन्म नगर जिल्ह्यातील पुणतांब्याचा. पाश्चात्त्य संगीताकडून त्यांनी जे घेतले, ते एका दिवसात घेतले नाही. त्यांच्या तीन गीतांचा क्रम लावला असता या देवघेवीच्या तीन पायऱ्या दिसतात. 'शहनाई' (१९४७) मधील 'संडे के संडे' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गीतात इंग्रजी वाराचे नाव हिंदी वाक्यात येऊन बसते. येथे शब्द उसना आहे. 'समाधी' (१९५०) मधील 'गोरे गोरे' या गीतात शब्द हिंदी असून चालीचा मूळ स्रोत लॅटिन अमेरिकन धर्तीच्या पाश्चात्त्य गाण्यात आहे. येथे चाल उसनी आहे. 'ईना मीना डिका'त आघाताची रीतच उसनी घेतलेली आहे, आणि नेमके त्याच वेळी शब्द कोणत्याही एका भाषेचे उरलेले नाहीत.

भाषासंपर्काच्या अभ्यासकास हा क्रम परिचित वाटेल. दोन भाषा एकमेकींच्या सहवासात आल्या म्हणजे सामान्यतः प्रथम शब्द उसने घेतले जातात. उच्चारपद्धती व वाक्यरचना यांवरील परिणाम मागाहून होतो. तीन गीतांवरून नियम सिद्ध होत नाही, हे खरे. शिवाय एक प्रतिकूल पुरावाही येथेच नोंदविला पाहिजे. १९५२ साली सी. रामचंद्र यांचेच संगीत असलेल्या एका बोलपटाचे नावच मुळी 'शिन शिनाकी बूबला बू' असे होते. म्हणजे अर्थहीन भासणाऱ्या शब्दांची क्लृप्ती रॉक अँड रोलसमवेत आली असे म्हणता येत नाही; ती अगोदरच हाताशी होती. १९५७ साली नवे घडले ते एवढेच की, हसविण्यासाठी वापरलेल्या या साधनास लयीचे काम मिळाले.

३

हे काम कोणते, ते पाहण्यासाठी अमेरिकेकडे वळले पाहिजे. बिल हेली याचे 'रॉक अराउंड द क्लॉक' १९५४ साली ध्वनिमुद्रित झाले व १९५५ च्या उन्हाळ्यात तेथील लोकप्रियतेच्या यादीत अग्रस्थानी पोचले. त्याच वर्षी, १४ सप्टेंबर रोजी, न्यू ऑर्लीन्स येथे लिटल रिचर्ड याने 'टूटी फ्रूटी' मुद्रित केले. त्या गीताचा आरंभीचा घोष कोणत्याही कोशात सापडणार नाही, कारण तो वस्तुतः ड्रमचा ठेका आहे. गायकाने तो मुखाने वाजविला आहे. तबल्याचे बोल व तराणा यांच्या परंपरेत वाढलेल्या भारतीय श्रोत्यास ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नाही.

तथापि अडचण दुसरीकडे आहे. चार ठोक्यांच्या गटात दुसऱ्या व चौथ्या ठोक्यावर ड्रमचा जोर देणे, हे या संगीताचे प्रमुख लक्षण. इंग्रजी शब्दाचा स्वतःचा बलाघात ठरलेला असतो. तो आपल्या जागी उभा राहतो, ड्रम त्याच्या विरुद्ध बाजूस पडतो, आणि त्या ओढाताणीतून गीतास झोक मिळतो. हिंदी व मराठी यांत बलाघाताने शब्दाचा अर्थ बदलत नाही. पद्यरचना लघु-गुरूंच्या मात्रांवर चालते आणि तालाचे लक्ष समेवर असते. सार्थ हिंदी ओळ त्या ठेक्यावर ठेवली तर ओढाताणीस दुसरी बाजूच उरत नाही.

गीताच्या नावातील तीन शब्दांची घटना या दृष्टीने पाहावी. 'डिका' हा लेखनात ऱ्हस्व असला तरी गाण्यात दीर्घ होतो. म्हणजे तिन्ही शब्द गुरु-गुरु, प्रत्येकी चार मात्रांचे. कहरव्याच्या अर्ध्या आवर्तनाएवढे. प्रत्येकात पहिला स्वर 'ई' व दुसरा 'आ'. एक स्वर जिभेच्या उंच, पुढील स्थानाचा, दुसरा पूर्ण विवृत. या दोन टोकांच्या आलटून पालटून येण्याने कानास दोन निरनिराळे ठोके ऐकू येतात. भाषेत नसलेला बलाघात येथे स्वरभेदाने निर्माण केला आहे. असे शब्द सार्थ भाषेतून हवे तेवढे मिळत नाहीत. ते घडवावेच लागतात. गीतकार म्हणून नाव राजेंद्र कृष्ण यांचे असले, तरी हे शब्द संगीतकाराच्या खोलीत जन्मले अशी जी हकीकत सांगितली जाते, ती या घटनेशी सुसंगत आहे. किशोर कुमार व आशा भोसले यांनी हे गीत वेगवेगळे गायिले. दोघांच्याही गळ्यांतून या अक्षरांनी वाद्याचेच काम केले.

४

त्या हकीकतीप्रमाणे खोलीबाहेर खेळणाऱ्या मुलांची 'ईनी मीनी' ही इंग्रजी मोजणी कानी पडली, आणि सी. रामचंद्र व त्यांचे गोमंतकीय सहायक जॉन गोम्स यांनी तिच्यावरून मुखडा रचला. पुढे गोम्स यांनी त्यात कोंकणीतील एक साधे वाक्य घातले. 'मला नको' एवढाच त्याचा अर्थ. निरर्थकतेच्या शेऱ्यास येथेच धक्का बसतो. असंख्य श्रोत्यांनी जे बोल अर्थशून्य म्हणून ऐकले, त्यांत एका जिवंत भाषेचे पूर्ण वाक्य होते. त्या काळी कोंकणी ही भाषा की मराठीची बोली, हा वाद चालू होता. साहित्य अकादमीने तिला १९७५ साली मान्यता दिली व १९९२ साली तिचा समावेश संविधानाच्या आठव्या अनुसूचीत झाला. चिक चॉकलेट या नावाने विख्यात असलेल्या ट्रंपेटवादक आंतोनियो शाविएर वाझ यांच्यासारख्या गोमंतकीय वादकांनी हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यमेळास आकार दिला. त्यांचे श्रम जसे पडद्यामागे राहिले, तशीच त्यांची भाषाही गमतीच्या शब्दांत जमा झाली.

मराठीतही याचा दाखला आहे. विटीदांडूच्या खेळातील 'वकट, लेंड, मूंड, नाल' ही मोजणी मुले केवळ नाद म्हणून उच्चारीत. तेलुगूतील ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु या संख्यावाचकांशेजारी ती ठेवली की तिचे मूळ उघड होते. तात्पर्य, निरर्थकता हा शब्दाचा गुण नव्हे; तो शब्द व श्रोता यांच्यामधील संबंध आहे. श्रोता बदलला की तो संबंध बदलतो.

५

या निष्कर्षाचे महत्त्व एका चित्रपटगीतापुरते नाही. ठाणे जिल्ह्यातील मुरबाड व शहापूर हे तालुके लोकगीतांच्या संकलनासाठी विद्यार्थ्यांनी निवडावेत असे आहेत. सिद्धगडाचे नाव सुशिक्षित वाचकास २ जानेवारी १९४३ रोजी तेथे भाई कोतवाल व हिराजी पाटील यांना आलेल्या वीरमरणामुळे ठाऊक असते. त्या परिसरातील ठाकर, कातकरी व महादेव कोळी यांच्या बोलींमुळे मात्र ते क्वचितच घेतले जाते. अशा मुलुखात नाचाचे गीत टिपताना, न समजलेल्या पालुपदापुढे कंसात 'निरर्थक' असे लिहून पुढे जाण्याचा मोह संकलकास होतो. तो शब्द त्या बोलीत अन्यत्र येतो काय, शेजारच्या बोलीत त्याचे रूप आहे काय, वृद्ध गाणाऱ्यांस त्याचा अर्थ स्मरतो काय, आणि तो ढोलाच्या कोणत्या ठोक्यावर पडतो, हे चार प्रश्न विचारल्याखेरीज तसा शेरा लिहिण्याचा अधिकार पोचत नाही. पालुपद खरोखरच केवळ नादाचे असेल. परंतु ते ठरविण्यापूर्वी 'अर्थ अद्याप अज्ञात' एवढेच लिहिणे शास्त्रशुद्ध होईल.

१९५२ पासून काही वर्षे आकाशवाणीने चित्रपटगीतांस जवळजवळ दाराबाहेर ठेवले होते. तेव्हाचे नभोवाणीमंत्री बा. वि. केसकर हे मराठी भाषक. ज्यांची गीते त्यामुळे रेडिओ सिलोनवर ऐकावी लागली, त्या संगीतकारांत पुणतांब्याचा एक मराठी संगीतकार होता. 'आशा'च्याच वर्षी, ३ ऑक्टोबर १९५७ रोजी, विविध भारती सुरू झाली आणि तो बंद दरवाजा उघडला. समीक्षेचा दरवाजा मात्र त्यानंतरही किलकिलाच राहिला. तो उघडण्यासाठी या गीतास थोर ठरविण्याची गरज नाही. त्यातील अक्षरे कोणाची आहेत आणि ती काय करतात, एवढे विचारले तरी पुरे.