कोणता उंदीर?

गर्भाशयमुखाचा कर्करोग घडवणारा मानवी पॅपिलोमा विषाणू उंदराला लागतच नाही. म्हणून १९९०च्या दशकात संशोधकांनी त्याची जनुकंच उंदरात घातली. गाठी आल्या, पण संसर्ग कुठे झाला होता? विषाणूची प्रथिनं ज्याच्या अंगात जन्मजात, तो प्रतिकारशक्तीची साक्ष काय देणार?

पुढे आपल्या खारघरच्या ‘अ‍ॅक्ट्रेक’मध्ये केसहीन उंदरांवर चामखिळी दिसल्या. त्यातून उंदरांचाच पॅपिलोमा विषाणू सापडला. २०११मध्ये ते प्रसिद्ध झालं. इथे संसर्ग खरा. पण मानवी विषाणू-१६चं ई६ प्रथिन पेशीचं रक्षक पी५३ नष्ट करतं. उंदराच्या विषाणूचं ई६ तसं करत नाही.

दृष्टान्त द्यावा, पण साम्य कशापुरतं, ते आधी सांगावं. ‘उंदीर बरा झाला’ हे वाचून आशा धरणारी बाई खरी असते हो!