सात ताटल्यांचं जेवण

परीक्षण लिहायला अधिकार लागतो म्हणतात. नाटकाचं परीक्षण लिहिणाऱ्यानं निदान पहिला अंक बघावा, पुस्तकाचं लिहिणाऱ्यानं निदान मलपृष्ठ वाचावं, एवढी माफक अपेक्षा असते. माझा अधिकार त्याहून मोठा आहे. मी बिल भरलं आहे. त्यातून मी बी.कॉम., आणि गेली तेवीस वर्षं बँकेत कारकून. हल्ली आम्हाला 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' म्हणतात. काउंटर तोच, खुर्ची तीच, रांगही तीच, फक्त नाव भारदस्त. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढं जेवणाच्या बाबतीत नेमकं हेच झालं.

त्याचं असं झालं, की आमच्या लग्नाला वीस वर्षं झाली. पुण्याला शिकणाऱ्या कन्येनं फोनवरून फर्मान काढलं, "बाबा, या वर्षी तुम्ही दोघंच कुठं तरी जा." आम्ही 'दोघंच' कुठंही कधी गेलो नव्हतो. लग्नानंतर महाबळेश्वरला गेलो होतो खरं, पण तिथं माझी मावशी राहायची. कन्येनं नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या बाजूला, द्राक्षांच्या मळ्यातली एक विश्रांतीची जागा शोधली, एका रात्रीची खोली आणि रात्रीचं 'फाईन डायनिंग' ठरवून टाकलं. सगळं तिनं केलं, फक्त कार्ड माझं होतं. त्या जागेचं नाव मी सांगणार नाही. वाईट लिहिलं तर दावा व्हायचा आणि चांगलं लिहिलं तर जाहिरात व्हायची. दोन्हींत मला पैसे मिळणार नाहीत.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी कल्याणला सकाळची तपोवन एक्स्प्रेस पकडली. डोंबिवलीहून निघताना सौ.नं सवयीनं दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून घेतली. "अगं, आपण जेवायलाच चाललोय," मी म्हटलं. "असू दे हो. तिथलं पोट भरेल न भरेल." हे या परीक्षणातलं पहिलं मत, आणि ते माझं नाही याची नोंद व्हावी.

खोली दोनशिवाय मिळणार नव्हती, म्हणून रस्त्यात मिसळ खाल्ली. तर्री, पापड, दह्याची वाटी. ती वाढणाऱ्यानं मिसळीबद्दल एक अक्षर काढलं नाही. त्याला सांगण्यासारखं काही नव्हतं आणि आम्हाला विचारण्यासारखं. रात्री हा माणूस मला फार आठवला.

जागा मात्र खरोखर देखणी. खिडकीतून वेलींच्या रांगा थेट पाण्यापर्यंत गेलेल्या. मळ्यातल्या एका माळीदादांनी आमच्या अज्ञानाची कीव येऊन बरंच शिकवलं. वाईनची द्राक्षं म्हणजे आपण बाजारातून आणतो ती थॉमसन नव्हेत. ही लहान, जाड सालीची, आत बिया. फ्रान्समध्ये हिवाळ्यात वेल झोपी जाते, आपल्याकडं तिला झोप माहीत नाही. म्हणून वर्षातून दोनदा छाटायची, एप्रिलमध्ये खरडछाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमाराला फळछाटणी, आणि पीक घ्यायचं एकदाच. जानेवारी ते मार्च तोडणी. दोनदा छाटायचं आणि झोपू द्यायचं नाही हे ऐकून मला आमच्या शाखेतला मार्च महिना आठवला.

महाराष्ट्रात वाईन काही काल आली नाही. नारायणगावला १९८० च्या दशकातच फेसाळती वाईन व्हायला लागली होती. १९९९ साली नाशिकजवळ सुला सुरू झाली, २००१ साली राज्य सरकारनं द्राक्षप्रक्रियेचं धोरण आणलं, आणि पंचवटी-काळारामासाठी येणाऱ्या नाशकात लोक दुसऱ्याही तीर्थासाठी यायला लागले.

संध्याकाळी त्या तीर्थाचं 'टेस्टिंग' होतं. पाच पेले, प्रत्येकात एक घोट. समोर एक तरतरीत मुलगा. पेला तिरका धरा, रंग बघा, फिरवा, नाक आत घाला, मग प्या. पटत नसेल तर थुंकायला भांडंही होतं. पैसे भरलेली वस्तू थुंकण्याइतकी माझी परिस्थिती अजून सुधारलेली नाही. "काय वास येतोय, सर?" मुलगा म्हणाला. मी प्रामाणिकपणे म्हणालो, "दारूचा."

सौ.नं मात्र पेला नाकाशी नेला, डोळे मिटले आणि म्हणाली, "ढोबळी मिरची चिरल्यावर येतो ना, तसा." मुलगा चमकला. ती होती सोव्हिन्यॉं ब्लां, आणि तिची ओळख म्हणे याच वासावरून पटते. पुढची शिराझ. "यात मिरी आहे का हो? आणि नंतर जीभ ओढते, सुपारी खाल्ल्यासारखी." मुलानं सांगितलं, मिरी घालत नाहीत, पण शिराझला तो वास असतोच, आणि जीभ ओढणारं ते टॅनिन, सालीतून आणि बियांतून येतं. "मॅडम, तुम्ही कोर्स केलाय का?" त्यानं विचारलं. हिनं माझ्याकडं बघून म्हटलं, "वीस वर्षांचा."

आता मुख्य परीक्षण.

जेवण सात ताटल्यांचं. आधी मेनूचा कागद हातात दिला, आणि तिथंच मला बँकेतलं माझं नवं नाव आठवलं. 'नाचणीचा कुरकुरीत पापुद्रा, ठेच्याच्या फेसासह' म्हणजे नाचणीचा पापड, रुपयाएवढा. ठेच्याचा फेस ही कल्पना चुकीची आहे, हे मी जबाबदारीनं लिहितो. ठेच्याचा धर्म कानातून धूर काढणं हा आहे. त्याचा फेस केला की तिखटपणा हवेत जातो आणि जिभेवर फक्त हिरवा रंग उरतो. दुसरी ताटली थालीपिठाची. थालीपीठ बोटभर, त्यावर बकरीच्या दुधाचं चीज, वर दोन पाकळ्या. ताटली मात्र आमच्या घरच्या परातीएवढी. एवढ्या मैदानात एवढासा खेळाडू बघून मला त्याची काळजी वाटली.

प्रत्येक ताटलीबरोबर वाढपी येऊन पदार्थाचं चरित्र सांगायचा. शेतकरी कोण, कोळसा कुठल्या लाकडाचा, शेफना ही कल्पना कधी सुचली. चरित्र दोन मिनिटं, पदार्थ दोन घास. मग वीस मिनिटं शांतता. पण टीकाकारानं न्याय करावा. चौथ्या ताटलीतलं वांग्याचं भरीत अस्सल होतं. निखाऱ्यावर भाजलेलं, धुराच्या वासाचं, वर कच्चं तेल. ते खाताना कुणी चरित्र सांगितलं नसतं तरी चाललं असतं. पाचव्याला जीभ धुवायला चमचाभर गोठवलेलं कोकम दिलं, तेही झकास. सहावा भात पांढरपेशा होता. त्याच्याविषयी तक्रारही नाही आणि आठवणही नाही.

मला खरा आक्षेप होता तो तत्त्वाचा. हे एकामागून एक आणून वाढणं युरोपातही मूळचं नव्हे. फ्रेंच मंडळी आधी सगळं टेबलावर एकदम मांडत. ही पाळीपाळीनं आणायची तऱ्हा तिथं एकोणिसाव्या शतकात रुळली, आणि तिला रशियन पद्धत म्हणतात. आपलं ताट बघा. डावीकडं मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडं भाजी, आमटी, मधे भात. सगळं एकदम समोर. चटणीला आधी हात घालायचा की वरणभाताला, हे खाणारा ठरवतो. इथं रांधणारा ठरवतो. ताट म्हणजे लोकशाही आणि सात ताटल्या म्हणजे हुकूमशाही, असं एक वाक्य मी परीक्षणासाठी मनात तयार करून ठेवलं होतं. फार आवडलं होतं मला ते.

ते वाक्य माझ्याच टेबलावर पडलं.

झालं होतं असं, की पहिली ताटली संपताच सौ. ती उचलायला उठली. "बसा मॅडम," वाढपी धावला. दुसऱ्या ताटलीलाही ती अर्धी उठली, मग स्वतःच हसून खाली बसली. तिसरीला नुसते हात टेबलाच्या कडेला आले आणि थांबले. भरताच्या वेळी ती पाठ टेकून बसली होती, आणि वाढपी काय सांगतोय ते अगदी तब्येतीनं ऐकत होती. आणि मला उलगडलं, की आपल्या ताटातल्या लोकशाहीला एक माणूस कायम उभा लागतो. मी चटणीला आधी हात घालू शकतो, कारण गरम पोळी पानात टाकायला कुणी तरी गॅसपाशी आहे. ती जेवायला बसते तेव्हा माझा हात वाळलेला असतो आणि पोळ्या गार. या हुकूमशाहीत उभ्या माणसाला निदान पगार तरी आहे.

शिवाय ती वीस-वीस मिनिटांची शांतता. टीव्ही नाही, कुकरची शिट्टी नाही. माणसं बोलणार नाहीत तर काय करतील? सातव्या ताटलीत पुरणपोळीचं आइस्क्रीम आणि शेजारी श्रीखंडाचा एक ठिपका आला. हिनं ठिपका माझ्याकडं सरकवला. "मला श्रीखंड आवडत नाही."

"अगं, दर वाढदिवसाला मी अर्धा किलो आणतो!"

"आणता. आणि खाता."

वीस वर्षांत ही नोंद माझ्या खतावणीत कुठंच नव्हती.

बिल आलं. अकरा हजार आठशे चाळीस. जेवणावर जीएसटी, वाईनवर व्हॅट, कारण दारू अजून जीएसटीच्या बाहेर आहे. दोन्ही बेरजा मी बोटांवर तपासल्या. बरोबर होत्या, त्यामुळं भांडताही येईना. खोलीकडं जाताना विचारलं, "कसं वाटलं जेवण?"

"ठीक होतं हो. फेस काही जमला नव्हता. भरीत चांगलं, पण मी याहून बरं करते." मग थोडं थांबून म्हणाली, "पण एकदाही उठावं लागलं नाही."

रात्री झोप येईना तेव्हा मी हिशेब मांडला. दिवसाला दोन जेवणं, वर्षाला सातशे तीस, वीस वर्षांत चौदा हजार सहाशे. माहेरपणाचे आणि आजारपणाचे दिवस वजा करता आले असते, पण कारकून असलो तरी तेवढा निर्लज्ज नाही. बिलाला त्यानं भागलं. एका वाढण्यामागं एक्क्याऐंशी पैसे. आमच्या बँकेत इतक्या जुन्या थकबाकीवर इतकी कमी वसुली झाली तर मॅनेजरला मेमो मिळतो.

तेव्हा वाचकहो, निर्वाळा असा. पदार्थांना दहापैकी पाच, त्यातले तीन एकट्या भरताचे. वाढण्याला दहापैकी दहा. पोटासाठी जाणार असाल तर जाऊ नका; रस्त्यावरची मिसळ अधिक प्रामाणिक आहे. आम्हीही रात्री साडेअकराला खोलीत दशम्या आणि चटणी खाल्लीच. पण ज्या माणसानं तुमच्या घरी वीस वर्षं उभ्यानं वाढलं असेल, त्याला एकदा अडीच तास बसवायचं असेल, तर जरूर जा. आणि पैसे नसतील तर जायचीही गरज नाही.

हे शेवटचं मी घरी करून बघितलं. पुढच्याच रविवारी कन्या आली होती. दोघींना बसवलं आणि मी कमरेला पंचा खोचून गॅसपाशी उभा राहिलो. पहिली पोळी करपली, दुसरी भारताच्या नकाशासारखी झाली. मीठ सापडेना म्हणून सौ. उठू लागली. मी ओरडलो, "बसा मॅडम!"

ती बसली. करपलेला तुकडा बाजूला काढत कन्येला म्हणाली, "नवीन आहे गं. शिकेल."