आडनाव बाहेर ठेवून

समदुःखी माणसांनी एकत्र बसावे, आपापली कहाणी सांगावी आणि एकमेकांच्या आधाराने आजारातून उठावे, ही कल्पना थोर आहे. म्हणूनच तिची चिकित्सा आपण आपल्या अंगाने केली पाहिजे. 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' या मद्यपींच्या संघटनेच्या खुल्या सभांना मी लवळ्याहून वस्तीतल्या एकाची सोबत म्हणून जात आलो आहे. तिथे जे सांगितले जाते ते आत्मकथनच असते. आणि आत्मकथन म्हटले की दलित साहित्याच्या वाचकाला त्यावर बोलण्याचा हक्क पोचतो.

सभेत माणूस फक्त पहिले नाव सांगतो. १९३५ साली अमेरिकेत बिल विल्सन हा शेअरबाजारातला माणूस आणि बॉब स्मिथ हा शल्यवैद्य यांनी ही चळवळ सुरू केली. त्यांच्याकडे आडनाव झाकले जाते ते अब्रूसाठी. मराठी मुलखात त्याच नियमाने भलतेच काम केले. आपल्याकडे आडनाव म्हणजे जातीचा दाखला. तो दाराबाहेर ठेवला की शेजारच्या खुर्चीवरचा माणूस कोण, हे विचारायची सोय उरत नाही. सभासद व्हायला दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट. पाणवठा आणि मसणवटा वेगळा ठेवणाऱ्या समाजात ही गोष्ट लहान नव्हे.

पण आडनावाबरोबर आणखीही पुष्कळ काही बाहेर राहते. माझ्या सोबतचा माणूस ड्रेनेजच्या कामावर होता. (त्याच्या संमतीनेच हे लिहितो आहे.) घेतल्याशिवाय चेंबरात उतरवत नाही, असे त्याने एकदा सांगितले. एका जुन्या सभासदाने मायेनेच समजावले, "दादा, बहाणे शोधणं हा रोगाचाच भाग आहे." त्यात तथ्य आहेच, कारण कितीही खरे असले तरी यकृत ते ऐकून घेत नाही. परंतु संरक्षक साधनांवाचून गटारात माणूस उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरवले आहे. कायद्याने जो गुन्हा मानला, तो सभेत बहाणा कसा होतो? बाहेरच्या प्रश्नांवर संघटनेने मत देऊ नये, अशी तिची परंपरा आहे. जात हा बाहेरचा प्रश्न, असे कोणी ठरवले?

तिची पहिली पायरी म्हणते, आपण दारूपुढे हतबल आहोत हे कबूल करा. विल्सनसारख्या पांढरपेशा माणसाचा अहंकार उतरवायला हे औषध ठीक. पण ज्याच्या बापजाद्यांकडून हतबलता पिढ्यान्पिढ्या वदवून घेतली, त्याला तीच मात्रा? बाबासाहेबांनी १९५६ साली नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. पण त्याच प्रतिज्ञांत देवांना नकारही आहे. तिथे दारू सोडायची ती ताठ उभे राहण्यासाठी. इथे वरच्या शक्तीला शरण जायचे. ती शक्ती ज्याने त्याने आपल्या समजुतीने मानावी, एवढी मुभा मात्र आहे. आमच्या माणसाने तिचा उपयोग केला आणि शक्ती म्हणून संघ धरला. शरणच जायचे तर तिसऱ्या शरणाला!

मोहिकन जमातीच्या डॉन कॉयहिस यांनी १९८८ मध्ये अमेरिकेतल्या मूळनिवासींसाठी 'व्हाइट बायसन' ही संस्था काढली. त्यांचे म्हणणे असे, की आजारी रानातले एक झाड बरे करून पुन्हा त्याच रानात लावले तर ते पुन्हा आजारी पडते. आपल्याकडे या रानाविषयी बोलतात त्या बाया. अनिल आणि सुनंदा अवचट यांनी १९८६ साली येरवड्यात सुरू केलेल्या मुक्तांगणमध्ये व्यसनी नवऱ्यांच्या बायकांसाठी 'सहचरी' हा गट आहे. अशा बैठकांना जाऊन आलेल्या आमच्या वस्तीतल्या बाया जे सांगतात त्यात रोजंदारी असते, बचत गटाचा हप्ता असतो, मुकादमाची नजर असते. घरखर्च वगळून नवऱ्याचा आजार सांगणे त्यांना जमतच नाही. साहित्य म्हणून मला त्यांची कथने पुरुषांच्या कबुलीजबाबांपेक्षा सरस वाटतात.

लवळ्यात सिम्बायोसिसचे रुग्णालय आहे. तपासणीला तो तिथे जातो. बैठकीला मात्र दोन बस बदलून पुणे, कारण तिथे ओळखणारे कोणी नाही. आता गावातच बैठक घ्यावी, असे त्याच्या मनात आहे. मी म्हटले, इथे नुसते नाव सांगितलेस तरी आडनाव सगळ्यांना पाठ आहे. तो म्हणाला, मग सगळंच सांगू, गटारापासून.