२४० मिनिटांचा हिशोब

मंडळी, एनबीएतला हा वाद जुनाच आहे. पैसा दोन-तीन बड्या खेळाडूंवर ओतायचा, की राखीव फळी भक्कम करायची? दुसऱ्या बाजूचे लोक २००४ च्या अंतिम मालिकेचा दाखला हमखास देतात. लेकर्सकडे शकील ओनील, कोबी ब्रायंट, कार्ल मलोन, गॅरी पेटन. समोर डेट्रॉइट पिस्टन्स. डेट्रॉइटनं मालिका ४-१ अशी जिंकली, आणि 'बिनताऱ्यांच्या संघानं ताऱ्यांना हरवलं' ही गोष्ट रूढ झाली.

आम्हाला ही गोष्ट अर्धीच खरी वाटते. मलोनचा गुडघा दुखावला होता, तो भाग सोडून देऊ. पण डेट्रॉइटचं बळ मुळात राखीव फळीत नव्हतंच, ते पहिल्या पाचांत होतं. बिलप्स, हॅमिल्टन, प्रिन्स, रशीद वॉलेस, बेन वॉलेस. यांत कच्चा दुवा एकही नाही. बेन वॉलेस गुण फारसे करत नसे, पण २००२ आणि २००३ मध्ये लागोपाठ तो वर्षातला सर्वोत्तम बचावपटू ठरला होता. मग तो तारा नाही? तिसऱ्या सामन्यात लेकर्सचे अवघे ६८ गुण झाले, ते काय नुसत्या नशिबानं? तारा म्हणजे गुण करणारा, हीच आपली समजूत तोकडी आहे.

आता साधा हिशोब करू. सामना ४८ मिनिटांचा, मैदानावर पाच जण. म्हणजे संघाला २४० मिनिटं भरायची असतात. तीन तारे प्रत्येकी ३६ मिनिटं खेळले, की झाली १०८. उरलेली १३२ कोण खेळणार? निम्म्याहून जास्त आहेत ती!

फिनिक्स सन्सनं २०२३-२४ मध्ये ड्युरंट, बुकर आणि बील असे तिघं एकत्र खेळवले. तिघंही मुख्यतः गुण करणारे. ४९ विजय मिळाले, पण पहिल्याच फेरीत मिनेसोटाकडून ०-४. पुढच्या हंगामात ३६ विजय, बाद फेरीसुद्धा हुकली. तिघांची गुणवत्ता वादातीत. पण त्यांची कामं एकसारखी, आणि त्या १३२ मिनिटांसाठी तिजोरीत फारसं उरलं नव्हतं.

मग राखीव फळी हेच उत्तर का? तसंही नाही. बाद फेरीत प्रशिक्षक सात-आठ जणांवरच भिस्त ठेवतात. २०२५ मध्ये ओक्लाहोमा सिटी जिंकली तेव्हा शे गिल्जस-अलेक्झांडर हा लीगचा सर्वोत्तम खेळाडू त्यांच्याकडे होताच; आणि बेंचवरून येऊन समोरच्याला जखडून ठेवणारा अ‍ॅलेक्स करूसोही होता.

म्हणून संघ जोखताना नावं मोजू नका, दोन प्रश्न विचारा. तारा बसल्यावर आघाडी टिकते का? आणि शेवटच्या पाच मिनिटांत प्रतिस्पर्धी कुणाला हेरून हल्ला चढवतो? दुसऱ्याचं उत्तर 'कुणालाच नाही' असेल, तर तो संघ भक्कम. बेन वॉलेससारख्याची खरी किंमत तिथंच कळते.